दसऱ्यापर्यंत नव्हे, 1 ऑक्टोबरपर्यंत

ठाण्यातील एका वाचक भगिनीच्या पत्राचा आशय असा. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांचा विवाह घोडबंदर रस्त्यावरील एका धनाढ्य व्यावसायिक कुटुंबात झाला. बंगला तीन मजल्यांचा, वरचा मजला कायम कुलूपबंद, आणि त्याविषयी विचारले की ड्रायव्हरपासून स्वयंपाकीणबाईंपर्यंत सगळे विषय बदलणार. गेल्या दसऱ्याला चांदीची भांडी आणण्यासाठी सासूबाईंनी घाईत किल्ल्यांचा अख्खा जुडगा त्यांच्या हाती दिला आणि वरच्या कपाटात पतीच्या पहिल्या विवाहाच्या घटस्फोट याचिकेची प्रत सापडली. त्या रात्री पतीने ‘ते प्रकरण मिटले आहे’ एवढेच उत्तर दिले. जानेवारीत भगिनी कळव्याला माहेरी परतल्या. त्यांना विवाह रद्द करून हवा आहे. मात्र ‘याचिकेसाठीचे एक वर्ष दसऱ्याला भरते, गणपती होऊन जाऊ देत, पितृपक्षात कोर्टाची पायरी नको’ असे घरच्यांचे म्हणणे आहे.

याच वळणाची पत्रे माझ्याकडे वारंवार येतात आणि बहुतेक वेळा ती मुदत उलटल्यावर येतात. आपले पत्र वेळेत आले आहे, म्हणून बंद मजल्याचे रहस्य बाजूला ठेवून आधी तारखेचे बोलतो.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12(1)(क) नुसार, जोडीदारासंबंधीची महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून, म्हणजे कपटाने, संमती मिळवली असेल तर विवाह रद्द करून मागता येतो. पहिला विवाह आणि घटस्फोट लपवणे हे या व्याख्येत बसते, असा युक्तिवाद भक्कमपणे करता येईल. प्रत्येक न्यायालय तो मान्य करीलच असे मी लिहून देणार नाही. पण त्या युक्तिवादापर्यंत पोहोचण्याआधी त्याच कलमाचे पोटकलम (2) आडवे येते. कपट उघडकीस आल्यापासून एक वर्षानंतर दाखल केलेली याचिका न्यायालयाला विचारातच घेता येत नाही. मुदत कायदा त्याच्याच कलम 29(3) मुळे विवाहविषयक कार्यवाहीला सर्वसाधारणपणे लागू होत नाही, त्यामुळे उशीर माफ करण्याचा नेहमीचा अर्ज येथे उपयोगी पडेल असे समजू नये.

हे वर्ष तिथीने मोजले जात नाही. गेल्या वर्षी दसरा 2 ऑक्टोबरला होता; यंदा अधिक मासामुळे तो 20 ऑक्टोबरला आहे. घरच्यांचा सल्ला ऐकून आपण दसऱ्याची वाट पाहिलीत तर वर्ष उलटून अठरा दिवस झालेले असतील. शिवाय 2 ऑक्टोबरला गांधी जयंतीची सुट्टी, यंदा तो शुक्रवार, आणि त्याला लागून शनिवार-रविवार. सुट्टीनंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी याचिका चालेल, असे म्हणायला कायद्यात आधार सापडेलही. परंतु तो वाद स्वतःच्या खटल्यात घालून पाहण्याची हौस कोणी करू नये. गुरुवार, 1 ऑक्टोबर ही माझ्या दृष्टीने शेवटची तारीख आहे, आणि खरे तर 14 सप्टेंबरला गणपती बसण्यापूर्वीच ठाण्याच्या कुटुंब न्यायालयात याचिका दाखल व्हायला हवी. पितृपक्ष न्यायालयाला लागत नाही.

आता आपल्या निष्काळजीपणाविषयी. आपण लिहिता की मे 2025 मध्ये महानगरपालिकेत विवाह नोंदणीच्या वेळी ‘त्यांनी पुढे केले तिथे सह्या केल्या’. विवाह ज्ञापनात, म्हणजे नोंदणीसाठी दिलेल्या अर्जात, वराची विवाहापूर्वीची स्थिती लिहावी लागते: अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित. त्या रकान्यात ‘अविवाहित’ लिहिले असेल तर पतीच्या सहीचे यापेक्षा चांगले पुरावापत्र आपल्याला मिळणार नाही. ‘घटस्फोटित’ लिहिले असेल तर समोरचे वकील म्हणतील की आपल्याला मे 2025 मध्येच सर्व ठाऊक होते, आणि मग वर्ष तेव्हापासून मोजले जाऊन या मे महिन्यातच संपले. न वाचता सही केली हे उत्तर देता येते, पण शिकलेल्या व्यक्तीच्या तोंडी ते दुबळे पडते. उद्याच अर्ज करून त्या ज्ञापनाची प्रमाणित प्रत काढा. इतक्या महत्त्वाच्या कागदावर काय लिहिले आहे हे आज आपल्याला सांगता येत नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

त्याच पोटकलमात दुसरी अट आहे: कपट समजल्यानंतर पूर्ण संमतीने पती-पत्नी म्हणून एकत्र राहिल्यासही याचिका चालत नाही. दसरा ते जानेवारी आपण त्याच घरात होतात, दिवाळीची हसरी छायाचित्रेही असतीलच. त्या काळात वेगळ्या खोलीत राहत होतात का, वडिलांच्या आजारपणामुळे निघता येत नव्हते का, बहिणीला रात्री पाठवलेले संदेश आहेत का, हे सर्व तारखांसह लिहून काढा आणि फोन बदलू नका. यंदा गौरीसाठी सासरहून बोलावणे आले तर मुक्कामाला जाऊ नका.

आपण कपाटातील कागदाच्या फक्त पहिल्या पानाचे छायाचित्र घेतले आहे, त्यावर याचिकेचा क्रमांक आहे पण निकालाची तारीख नाही. त्या क्रमांकावरून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागावी. आपण त्या प्रकरणात पक्षकार नसल्याने कारण देणारे प्रतिज्ञापत्र जोडावे लागेल. आपल्या विवाहाच्या दिवशी पहिला विवाह कायम होता असे निघाले तर कलम 11 लागू होते, विवाह मुळातच शून्य ठरतो आणि एक वर्षाची अट राहत नाही. प्रत हाती येण्याची वाट मात्र पाहू नका. कलम 11, पर्यायाने कलम 12 आणि त्यालाही पर्याय म्हणून क्रूरतेच्या आधारे घटस्फोट, अशी एकच याचिका तयार करता येते.

पोटगीबद्दल थोडक्यात: विवाह शून्य ठरला तरी कलम 25 खाली निर्वाह मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. रजनेश विरुद्ध नेहा (2020) या निकालानुसार दोन्ही पक्षांना मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. कंपन्यांच्या नावावर ठेवलेली संपत्ती त्यातून किती बाहेर येईल हे आज सांगणे कठीण आहे. बंगल्यात हिस्सा मागण्याचा विचार सोडून द्यावा. सासूबाईंच्या लॉकरमध्ये ठेवलेले आपले दागिने मात्र आपले स्त्रीधन आहे. त्यांची वजनासह यादी करून वकिलामार्फत नोटीस पाठवा.

यानंतर निकाल कधी लागेल हे विचारू नका. मुदतीच्या बाबतीत एका दिवसाची सवलत न देणारी व्यवस्था तारखा देताना वर्षांचा हिशेब ठेवत नाही. वडिलांची बचत लग्नात संपली असे आपण लिहिले आहे, तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. वकील नेमण्याच्या प्रक्रियेलाही काही दिवस लागतात, तेव्हा हा अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे.