मीटर शून्य दाखवतोय म्हणून थांबू नकोस

आपल्या फ्यूजन मशीनच्या हॉलभोवतीच्या रेडिएशनच्या नकाशाचा तुझा रिपोर्ट नीट वाचला. मेहनत दिसतेय, पण हॉलभोवतीच्या प्रत्येक जागेला तू डोसचा एकच आकडा लिहिलायस. तो कुठल्या गॅसच्या शॉटचा (शॉट म्हणजे मशीनमध्ये गॅसचा प्लाझ्मा एकदा पेटवणं), शॉट चालू असतानाचा की नंतरचा, हे कुठेच नाही.

आधी गॅस बघ. नुसता हायड्रोजन असला की न्यूट्रॉनचा विषयच नाही असं धरून चालतात लोक, पण प्लाझ्मा अचानक कोसळला की रनअवे, म्हणजे बेफाम वेगाने सुटलेले, इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळतात, हार्ड एक्स-रे निघतात आणि एनर्जी पुरेशी असली तर फोटोन्यूट्रॉनसुद्धा (त्या एक्स-रेने अणुकेंद्रातून उडवलेले). ड्युटेरियममध्ये (जड हायड्रोजन) 2.45 एमईव्हीचे (हे एनर्जीचं एकक) न्यूट्रॉन येतात, शिवाय त्याच रिअॅक्शनच्या दुसऱ्या फाट्यातून ट्रिटियम (आणखी जड, किरणोत्सारी हायड्रोजन) बनतं, त्यातलं थोडंसं तिथल्या तिथे जळून 14 एमईव्हीचे न्यूट्रॉन देतं, म्हणून नायोबियमचं फॉइल लावच, त्याची आपण मोजतो ती रिअॅक्शन साधारण 9 एमईव्हीच्या वरच सुरू होते, म्हणजे ते 14 वालेच पकडतं.

मीटरचं म्हणशील तर गायगर काउंटरला न्यूट्रॉन जवळजवळ दिसतच नाहीत, आणि शॉटमध्ये एकदम मारा झाला की तो गुदमरतो, कमी आकडा दाखवतो. मी नवीन असताना असाच कमी आकडा बघून निर्धास्त झालो होतो, शेजारच्या टीएलडीने (मिळालेला एकूण डोस साठवून ठेवणारा छोटा डिटेक्टर) नंतर वेगळंच सांगितलं, ते अजून विसरलो नाहीये. जेटवर (इंग्लंडमधलं फ्यूजन मशीन) 2013 साली डिटेक्टर कॅलिब्रेट करायला न्यूट्रॉन सोडणाऱ्या कॅलिफोर्नियम-252 चा सोर्स रोबोटच्या हाताने थेट मशीनच्या आत फिरवला होता, एवढी खटपट उगाच नाही करत कोणी.

काँक्रीटची जाड भिंत बहुतेक ठिकाणी काम करते. खरी गळती पोर्ट, पाइप आणि केबलच्या भोकांतून होते, तिथे पॉइंट वाढव. छत पातळ असेल तर वर गेलेले न्यूट्रॉन हवेत आपटून लांब खाली उतरतात, तेव्हा इमारतीबाहेरही मोज.

शॉट संपल्यावरचं वेगळं लिही. पाण्यातला नायट्रोजन-16 सात सेकंदांत निम्मा होतो, पण स्टीलमधल्या जराशा कोबाल्टपासून झालेला कोबाल्ट-60 निम्मा व्हायला 5.27 वर्षं लागतात, आणि आत जाऊन दुरुस्ती करणाऱ्या माणसाला डोस मिळतो तो अशाच टिकून राहणाऱ्या किरणोत्सारी पदार्थांचा. तासाने, दिवसाने, आठवड्याने, असं तिन्ही वेळा मोज. ट्रिटियमचा बीटा इतका कमजोर की हातातल्या मीटरपर्यंत पोचतच नाही, तिथे पुसून घेतलेलं सॅम्पल लिक्विड सिंटिलेशनलाच (सॅम्पल द्रवात मिसळून त्यातल्या चमका मोजायची पद्धत) द्यावं लागतं.

पुढच्या शॉटआधी पोर्टसमोर टीएलडी लाव आणि आकडे पाठव, नकाशा आपण तिथूनच परत काढायला घेऊ.