मुलीचे चॅनल आणि वडिलांचा शुक्रवार

सिंधुदुर्ग जिल्ह्यातून एका वडिलांचे चार पानी पत्र आले आहे. त्यांची सोळा वर्षांची मुलगी अकरावीला कला शाखेत शिकते. दहावीला तिला ९१ टक्के गुण होते आणि अकरावीच्या पहिल्या सत्रात ते ५८ टक्क्यांवर आले. गेल्या सप्टेंबरमध्ये तिने ‘दशावतार’ हा मराठी चित्रपट पाहून त्याविषयीचे आपले मत मोबाइलवर चित्रित केले आणि यूट्यूबवर टाकले. ते अनपेक्षितपणे हजारो लोकांनी पाहिले. तेव्हापासून वडील तिला दर शुक्रवारी गोव्यात नेऊन नव्या चित्रपटाचा पहिला खेळ दाखवतात आणि संध्याकाळच्या आत तिचे मत प्रसिद्ध झालेच पाहिजे असा त्यांचा आग्रह आहे. पतसंस्थेचे कर्ज काढून त्यांनी कॅमेरा घेतला आहे. मुलीचे नाव कॉलेजातून काढून बारावीला सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, अर्ज भरावा का, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये बारावीनंतर दिग्दर्शनाला प्रवेश मिळेल का आणि चॅनल लवकर वाढवण्यासाठी काय करावे, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

सप्रेम नमस्कार.

मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत मुलाला सिनेमाचे वेड लागले म्हणून पालक घाबरलेले असतात, आणि त्यांची समजूत घालण्याची वेळ माझ्यावर येते. तुमचे पत्र वेगळे आहे. तुम्ही मुलीच्या आवडीला विरोध केला नाही, तिच्यासाठी पैसे आणि वेळ खर्च केला, आठवड्याची रजा शुक्रवारी घेता यावी म्हणून सहकाऱ्यांशी बोलणी केली. हे प्रेमाशिवाय कोणी करत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही तुमचे पत्र वाचून मी अस्वस्थ झालो. पत्राच्या तिसऱ्या पानावर कॅमेऱ्याची किंमत आणि इंटरनेटचा वेग यांच्या मध्ये तुम्ही एक वाक्य लिहिले आहे: ‘हल्ली पिक्चरला जायचा कंटाळा येतो म्हणते, पण तो आळस आहे, तो मी घालवीन.’ तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा मला हे वाक्य महत्त्वाचे वाटते, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

जी मुलगी पाच महिन्यांपूर्वी एका चित्रपटावर स्वतःहून बोलायला बसली, तिला आज चित्रपटगृहाच्या दारात जाणे नकोसे झाले आहे. या पाच महिन्यांत तिच्या आयुष्यात चित्रपट वाढले, साधने वाढली, पाहणारे वाढले आणि सोबतीला तुम्हीही आलात. कमी झाला तो तिचा स्वतःचा निर्णय. कोणता चित्रपट पाहायचा, कधी पाहायचा, त्यावर बोलायचे की गप्प राहायचे, यातले काहीच आता तिच्याकडे उरलेले नाही. तुम्ही लिहिता की चॅनलचा पासवर्ड तुमच्याकडे असतो, शीर्षके तुम्ही देता, आणि ‘कडक बोललीस तरच लोक बघतील’ हेही तुम्हीच तिला समजावले आहे. तिच्या बोलण्यातला मालवणी हेल जावा म्हणून तुम्ही तिच्याकडून वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणवून घेता. आणि ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त वाईट वाटले ती ही, की तिच्या दिसण्यावर आणि बोलण्यावर परक्या माणसांनी केलेले शेरे तुम्ही रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवता, कारण तिने आतापासून घट्ट व्हावे असे तुम्हाला वाटते.

हे आजपासून थांबवा. सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या चेहऱ्याविषयी अनोळखी लोकांनी लिहिलेले शब्द वडिलांच्या तोंडून ऐकावे लागतात, तेव्हा ते शब्द तिच्या लेखी वडिलांचेच होतात. त्याने कोणी घट्ट होत नाही. मूल गप्प होते, आणि ‘ती पूर्वीसारखी बोलत नाही’ हेही तुम्हीच पत्रात लिहिले आहे. गुणांचा मुद्दा मला त्यामानाने किरकोळ वाटतो. ५८ टक्क्यांवरून वर येणे या मुलीला जड नाही, आणि प्रत्येक शुक्रवार व शनिवार चित्रीकरणात गेल्यावर गुण घसरले यात नवल नाही.

तुम्ही दुवे पाठवले होते, म्हणून मी तिचे पहिले आणि सर्वांत अलीकडचे अशी दोन चित्रणे लक्षपूर्वक पाहिली. पहिल्यात ती अकरा मिनिटे बोलते. तिचा मामा एका दशावतारी कंपनीत काम करतो. तो आपला रंग आपणच लावतो, छोट्या आरशासमोर बसल्यावर त्याच्याशी कोणी बोललेले त्याला चालत नाही, आणि रात्री आख्यान उभे राहते तेव्हा लिहिलेली संहिता हाताशी नसताना तो पहाटेपर्यंत संवाद बोलत राहतो, असे ती सांगते. मग ती पडद्यावरच्या वृद्ध दशावतारी कलावंताकडे, दिलीप प्रभावळकरांनी केलेल्या भूमिकेकडे वळते आणि विचारते की जत्रेत आपण मामाला दुरून, गर्दीतून, पेटी आणि पखवाजाच्या आवाजात पाहतो, आणि कॅमेरा मात्र त्याच्या डोळ्यांपर्यंत जातो, तर जवळ गेल्यावर सोंगाचा धाक कमी होतो की वाढतो. तिला उत्तर सापडत नाही. ती थांबते, विचार करते आणि ‘मला दोन्ही वाटलं’ असे सांगते. मी अनेक वर्षे या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांचे लेखन वाचत आहे. इतका नेमका आणि स्वतःचा प्रश्न पदवीनंतरच्या विद्यार्थ्यांकडूनही क्वचित येतो. अलीकडच्या चित्रणात मात्र ती तीन मिनिटांहून कमी बोलते, भरभर बोलते, ‘पैसे वाया’ हे शब्द चार वेळा उच्चारते, आणि त्या चित्रपटात तिने काय पाहिले हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

येथे तुमचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मोठे दिग्दर्शक आधी चित्रपटांवर मते मांडत होते, म्हणून जितकी जास्त आणि जितकी लवकर मते मांडावीत तितकी मुलगी त्या वाटेवर पुढे जाईल, असे तुम्ही लिहिले आहे, आणि उदाहरण म्हणून सत्यजित राय यांचे नाव घेतले आहे. उदाहरण योग्य आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला अर्थ उलटा आहे. राय यांनी भारतीय चित्रपटांत काय चुकते आहे याविषयीचा आपला प्रसिद्ध लेख १९४८ मध्ये लिहिला, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, कोलकात्यातील एका जाहिरात कंपनीत नोकरी करत होते, आणि त्याआधीच्या वर्षी मित्रांसोबत त्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली होती, जिथे चित्रपट दाखवले जात आणि त्यांवर तासन्‌तास चर्चा होई. १९५० मध्ये कंपनीने त्यांना लंडनला पाठवले, तेव्हा त्यांनी काही महिन्यांत सुमारे शंभर चित्रपट पाहिले. त्यांतल्या प्रत्येकावर त्यांनी त्याच संध्याकाळी मत दिले नाही. त्यांचा पहिला चित्रपट १९५५ मध्ये प्रदर्शित झाला, आणि तो तयार होत असताना बराच काळ त्यांची नोकरी चालूच होती. म्हणजे एका लेखामागे अनेक वर्षांचे पाहणे, वाचणे आणि गप्प राहणे होते. मत प्रत्येकाकडे असते आणि चित्रपटगृहातून बाहेर पडताना ते तयारही असते. समीक्षा त्यानंतर सुरू होते, जेव्हा माणूस स्वतःला विचारतो की मला असे का वाटले, ते कोणत्या दृश्यामुळे वाटले, त्या दृश्यात आवाज कुठे होता, प्रकाश कुठून येत होता, आणि दुसऱ्यांदा पाहिल्यावर तेच वाटले का. हे काम शुक्रवारी संध्याकाळच्या आत होत नाही. तुमच्या मुलीने पहिल्या वेळी ते केले, कारण तिला कोणी घाई केली नव्हती.

आता दोन गोष्टी, ज्यांत उशीर चालणार नाही. तुम्ही अभिमानाने लिहिले आहे की एका चित्रपटाचा शेवट तुम्ही चित्रपटगृहात बसून मोबाइलवर टिपला आणि तिच्या चित्रणात वापरला. तो भाग आजच काढून टाका आणि मोबाइलमधूनही नष्ट करा. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चित्रपटाचा किंवा त्याच्या भागाचा असा वापर करण्यासाठी चित्रपटगृहात चित्रण करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी किमान तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपयांपासून चित्रपटाच्या निर्मिती खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. समीक्षेसाठी एखाद्या कृतीचा रास्त वापर करण्याची सवलत १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे, पण ती पडद्यावरून चोरून केलेल्या चित्रणाला पांघरूण घालत नाही. शिवाय ९० दिवसांत कॉपीराइटच्या तीन तक्रारी ग्राह्य ठरल्या तर यूट्यूब संपूर्ण चॅनल बंद करू शकते. मोबाइल तुमच्या हातात होता, पण चित्रणावर चेहरा तिचा आहे, हे लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट तुम्हाला देऊ केलेल्या आठ हजार रुपयांची. एका चित्रपटाच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या माणसाने ‘चांगले बोला, पैसे घेतल्याचे सांगू नका’ असा प्रस्ताव दिला आणि तुम्ही त्याला अद्याप नकार कळवलेला नाही. नकार कळवा. पैसे घेऊन केलेली शिफारस जाहिरात म्हणून स्पष्ट दाखवावी, असे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मला मात्र कायद्याइतकीच दुसरी काळजी वाटते. आपले मत विकता येते आणि ते वडिलांनी विकले, हे या वयात कळले तर यानंतर तिला स्वतःचे कोणते मत खरे वाटेल?

तुमच्या प्रश्नांची थेट उत्तरे थोडक्यात देतो. सतरा नंबरचा अर्ज नको. तिला कॉलेज, मैत्रिणी आणि ग्रंथालय हवे आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी कोणत्याही शाखेची पदवी आणि प्रवेश परीक्षा लागते, त्यामुळे बारावीनंतर तिथे जाण्याचा प्रश्नच येत नाही. पदवीला मराठी, इतिहास, मानसशास्त्र यांपैकी तिला आवडेल तो विषय तिने घ्यावा. पुढे लेखनाकडे वळावेसे वाटले तर पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट किंवा अमरावतीच्या भारतीय जनसंचार संस्थेचा (आयआयएमसी) मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम, चित्रपटाच्या अभ्यासाकडे वळावेसे वाटले तर कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाचा चित्रपट अभ्यास विभाग, आणि मामाच्या कलेकडे ओढ राहिली तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी, असे दरवाजे आहेत. पणजीत दर वर्षी नोव्हेंबरमध्ये होणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव तुमच्यापासून दोन तासांच्या अंतरावर आहे. ती अठरा वर्षांची झाली की प्रतिनिधी म्हणून नोंदणी करून तिला तिथे जाऊ द्या, मैत्रिणीसोबत, तुमच्याशिवाय. चॅनल लवकर वाढवण्याविषयी मी काहीही सांगणार नाही. यूट्यूबकडून जाहिरातींचे उत्पन्न सुरू होण्यासाठी एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण लागते, हे तुम्हाला माहीत आहेच. ते आकडे गाठून त्यावर कॅमेऱ्याचे हप्ते भागवण्याची जबाबदारी अकरावीतल्या मुलीची नाही. कॅमेरा विकून कर्ज फेडता आले तर फेडा, आणि विकण्यापूर्वी तिला विचारा, कारण कदाचित तो तिला हवा असेल.

‘मी स्वतः कधी काही होऊ शकलो नाही, तिला तरी नाव मिळावे,’ असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. हे वाक्य लिहिणे सोपे नव्हते, आणि तुम्ही ते लिहिले म्हणूनच मी इतक्या स्पष्टपणे लिहितो आहे. तुमची इच्छा वाईट नाही. ती तुमची आहे, आणि तिचे ओझे आता मुलगी उचलते आहे. तुम्हाला चित्रपटांविषयी इतकी ओढ असेल, तर शुक्रवारी पहिल्या खेळाला तुम्ही जा. परत येऊन तिला चित्रपट सांगा, तिने विचारले तरच.

चॅनलचा पासवर्ड तिच्या हाती द्या आणि यापुढे ते चालवायचे, थांबवायचे की बंद करायचे हे तिच्यावर सोडले आहे, एवढेच एकदा सांगून त्यावर पुन्हा बोलू नका. ती कदाचित सगळे पुसून टाकील. तसे झाले तर तुम्हाला दुःख होईल, पण ते तिच्यासमोर व्यक्त करू नका. जत्रांचे दिवस अजून संपलेले नाहीत. तिच्या मामाचा जवळपास कुठे प्रयोग असेल, तर एखाद्या रात्री दोघांनी जा, मोबाइल घरी ठेवा आणि पहाटेपर्यंत बसा.

माझे हे उत्तर तिला वाचायला द्या. तिला काही विचारायचे असेल तर तिने मला स्वतंत्रपणे लिहावे, आणि ते पत्र पाठवण्यापूर्वी तुम्ही वाचू नये.