वडिलांचा चष्मा नुकताच बदलला, तरी धुरकट का दिसतं?

तुम्ही लिहिलंय की वडील ५४ वर्षांचे, दीड महिन्यापासून धुरकट दिसतं, नवा चष्मा आणला तरी पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मी डॉक्टर नाही, यावलकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. पण आमच्या आबांचं हुबेहूब असंच झालं होतं. म्हणून कळकळीनं सांगतो, आणखी एक चष्मा करू नका, आधी रक्तातली साखर तपासा.

आबा ठिबकचं खत मोजताना मापावरच्या रेषा नातवाला विचारायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं. सहा महिन्यांत दोन चष्मे झाले. जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "बाबा, रात्री लघवीला किती वेळा उठता?" उपाशीपोटी साखर २६० निघाली. १२६ किंवा त्यापुढे गेली तर मधुमेह धरतात. साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर सरकतो. औषधानं ती उतरतानाही नंबर हलतोच, त्यामुळे महिना-दीड महिना साखर स्थिर राहिली की मगच चष्मा. आबांना शेवटी जुनाच लागू पडला!

खरी भीती डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची). मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि सुरुवातीला पेशंटला काहीच कळत नाही. थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडदा बघतात, ती तपासणी दरवर्षी हवी. नुसती अक्षरं वाचून घेणं पुरत नाही.

साखर ठीक निघाली तर मोतीबिंदू असू शकतो. त्यात रात्री समोरच्या गाडीचा दिवा फाकतो. डोळ्याचा दाबही मोजून घ्या, कारण काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. मिचकावल्यावर साफ दिसत असेल तर बहुधा कोरडेपणा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो फार.

शेतात डोळ्याला पान किंवा काडी लागली होती का, तेही विचारा. लागली असेल तर मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नका. आत बुरशी असली तर ती फोफावते, बुबुळावर फूल पडतं.

एका डोळ्याची नजर अचानक गेली, चमका दिसून पडदा ओढल्यासारखं झालं, किंवा तोंड वाकडं होऊन बोबडी वळली, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि तपासणीला त्यांना एकटं मोटारसायकलवर पाठवू नका. थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं दिसत नाही, ऊन सहन होत नाही. आबा यावलच्या एसटीत डोळ्यांवर उपरणं घेऊन बसले होते. जुना-नवा दोन्ही चष्मे आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.