शौचाच्या चाचणीत रक्त आढळलं, पण मला मूळव्याध आहे. तीच चाचणी पुन्हा करून पाहू का?

नका करू. कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीतून मोठं आतडं आतून बघण्याच्या तपासणीची, वेळ घ्या.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये हीच सॅम्पल तपासते. वय ५२, भूक चांगली, वजन स्थिर, पोटाची तक्रार नाही, मग एका रिपोर्टवरून एवढी मोठी तपासणी कशाला, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण ही चाचणी मुळात त्रास नसलेल्या माणसांसाठीच आहे. त्रास सुरू झाल्यावर सापडलेला आतड्याचा कर्करोग बरेचदा पुढे गेलेला असतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची चाचणी एफआयटी आहे, म्हणजे शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी. झाकणाला जोडलेली काडी तुम्ही शौचात चार-पाच ठिकाणी टोचली असेल. तिच्या टोकाला बारीक खाचा असतात आणि त्यांत अडकतं तेवढंच, म्हणजे काही मिलिग्रॅम, आमच्याकडे येतं. त्यात माणसाच्या रक्तातलं ग्लोबिन हे प्रथिन शोधलं जातं. पूर्वीच्या ग्वायाक नावाच्या रक्त-चाचणीत, म्हणजे शौचातलं रक्त शोधण्याच्या जुन्या पद्धतीत, मांसाहाराने निकाल बिघडायचा, इथे तो प्रश्न नाही. जठरातून आलेलं रक्त वाटेतच पचून जातं, त्यामुळे सापडतं ते बहुतेक मोठ्या आतड्यातलंच.

आता तुमचा मुख्य मुद्दा. पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला छोटा कोंब) किंवा गाठ रोज रक्त सोडत नाही. आज सोडेल, पुढचे काही दिवस कोरडी राहील. शिवाय सॅम्पल उन्हात किंवा गाडीत तापत राहिलं तर त्यातलं ग्लोबिन मोडतं आणि असलेलं रक्तही दिसत नाही. एका फेरीत ही चाचणी १०० कर्करोगांपैकी साधारण ८० पकडते, बाकीचे निसटतात. म्हणजे दुसऱ्यांदा निगेटिव्ह आली तरी पहिला रिपोर्ट रद्द होत नाही. तुम्ही निर्धास्त व्हाल आणि वर्ष-दोन वर्षं हातची जातील, याची मला खरी काळजी वाटते.

मूळव्याध असेलही. पण मूळव्याध आहे म्हणून वर आतड्यात पॉलिप नसेल, असं कुठे आहे? दोन्ही एकाच माणसात सर्रास सापडतात. रक्त कुठून आलं ते आत बघितल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग, असंही समजू नका. अशा बहुतेकांना कर्करोग निघत नाही. पुष्कळांना पॉलिप निघतात आणि ते त्याच वेळी दुर्बिणीतून काढता येतात. पॉलिपचा कर्करोग व्हायला सहसा दहाएक वर्षं लागतात, म्हणून तो आत्ता काढण्यात एवढा अर्थ आहे. अमेरिकेत मिनेसोटाला झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. दरवर्षी शौचाची चाचणी करणाऱ्या गटात आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. पण तिथे चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढे कोलोनोस्कोपी होती. नुसत्या चाचणीने कोणाचा जीव वाचत नाही.

तपासणीपेक्षा आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध जास्त नकोसं वाटतं, हे मान्य. तरी ते पूर्ण प्या, कारण आतडं नीट साफ नसेल तर छोटे पॉलिप दिसत नाहीत आणि सगळं पुन्हा करावं लागू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर वेळ ठरवतानाच डॉक्टरांना सांगा. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. आणि आई-वडील, भावंडं यांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर तेही त्याच वेळी सांगा, कारण मग तुमच्या भावंडांनी कधीपासून तपासून घ्यायचं तेही ठरवता येईल.