शाब्दिक उदाहरण आलं की पान उलटतं

"मॅडम, समीकरणं फटाफट सोडवते, पण शाब्दिक उदाहरण दिसलं की पान उलटते. अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घेऊ का?" दहावीतल्या मुलीची आई विचारत होती. सहामाहीचे पेपर हातात पडले की ही काळजी माझ्याकडे हमखास येते.

मुलीच्या इतर विषयांच्या वह्या चाळल्या, एक उतारा वाचून घेतला. वाचन-लेखन व्यवस्थित होतं. चाचणीचा विषय तूर्त बाजूला ठेवला आणि एक उदाहरण दिलं: तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज ५७, तर त्या संख्या कोणत्या?

तिने क्षणात मांडलं: क्ष, क्ष + १, क्ष + ३. (तिच्या वहीत एक्स होता, मी अजून क्षवाली.) उत्तर आलं ५३ भागिले ३. पेन खाली.

"अपूर्णांक आला म्हणजे चुकलं. नेहमी असंच होतं."

"एक आणि तीन कुठून आणलेस?"

"विषम आहेत ना!"

चूक बीजगणितात नव्हतीच. संख्या डोळ्यांसमोर यायच्या आधीच ती क्ष मांडून मोकळी झाली होती. क्लासमध्ये 'आधी क्ष धरा' हेच घोकून घेतात. माझं मत उलट आहे: क्ष सगळ्यात शेवटी धरावा.

"तुमच्याकडे पाणी रोज येतं?"

"एक दिवसाआड."

"सतरा तारखेला आलं, तर पुढे?"

"एकोणीस, एकवीस..." ती थांबली. "म्हणजे दोन-दोनच वाढतात! क्ष, क्ष + २, क्ष + ४." मग स्वतःच बेरीज करून हसली. "मॅडम, तुम्ही उत्तरच सांगितलंत."

सांगितलं होतं खरं. म्हणून बेरीज बदलून ८७ दिली. तिने ३ ने भागून मधली २९ काढली, दोन्हीकडे दोन-दोन सरकली. वर विचारलं, "ही चीटिंग नाही ना?" नाही, फक्त पेपरात समीकरणाच्या पायऱ्या लिहायच्या, त्यांना गुण असतात.

आईला एवढंच सांगितलं, की महिनाभर घड्याळ लावून बसवू नका. रोज एकच उदाहरण, आधी स्वतःच्या शब्दांत सांगू दे.

तीन आठवड्यांनी ती वही घेऊनच आली. दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज २४४. उत्तर १० आणि १२; क्ष = –१२ वर काट.

"मॅडम, 'नैसर्गिक'ऐवजी 'पूर्णांक' लिहिलं असतं, तर –१२ आणि –१० पण चालले असते ना?"