गादी सरकल्यावर हाडवैद्याकडून बसवून घेतली तर ऑपरेशन टळतं का? आणि किती दिवस झोपून राहावं लागतं?

बऱ्याचदा टळतं, पण हाडवैद्यामुळे नाही.

२०१७ च्या नवरात्रातली गोष्ट. पहाटे साडेपाचला चाळीतून कांदा ट्रॉलीत भरत होतो. भरलेली पाटी उचलली आणि पाय न हलवता कमरेतूनच वळलो. कळ आली. वाटलं उसण भरली. गल्लीतल्या पायाळू पोराला बोलावलं, त्यानं तीनदा पाय लावला, चहा पिऊन गेला. त्याच्याबद्दल तक्रार नाही, त्यानं निदान नुकसान तरी केलं नाही. तिसऱ्या दिवशी डाव्या कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत करंट उतरायला लागला तेव्हा दादा म्हणाला, "गादी सरकलीय. बसवून आणू."

दोन तालुके पलीकडे, जीपच्या मागच्या बाकावर आडवा घालून नेलं. हाडवैद्यानं पालथं झोपवलं, कमरेवर टाच रोवली आणि खांदा धरून असा पिळला की कडाड आवाज झाला. "बसली." दादानं नारळ आणि पाचशे रुपये ठेवले. घरी उतरलो तर डाव्या पायात चप्पल नव्हती. कुठे गळून पडली ते कळलंच नाही. अंगठा वर उचलत नव्हता.

नाशिकच्या डॉक्टरांनी एमआरआय बघितला आणि टेबलावरचा प्लास्टिकचा मणका माझ्या हातात दिला. म्हणाले, "सरकवून दाखवा गादी." हलली नाही. खरी गादीसुद्धा वरच्या-खालच्या मणक्याला अशीच घट्ट जोडलेली असते. अशा २३ गाद्या. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये तेवढी नसते. बाहेरून चिवट थरांची कड, आत ओलसर गर. कड फाटते, गर मागे येतो आणि शेजारून जाणारी नस दाबतो, सुजवतो. माझा चौथ्या-पाचव्या कंबरमणक्यामधला आला, म्हणून अंगठा गेला. आता सांगा, उसवलेल्या उशीवर पाय दिला तर कापूस आत जातो की आणखी बाहेर येतो? ऑपरेशनमध्ये सर्जनसुद्धा काही बसवत नाही, बाहेर आलेला तुकडा काढून टाकतो. निखळलेला खांदा बसवतात, कारण तो खरंच सरकलेला असतो. आणि तो कडाड आवाज म्हणजे सांध्यातल्या वायूचा बुडबुडा, बोटं मोडल्यावर येतो तोच. सगळा घोळ 'सरकली' या शब्दानं घातलाय.

डॉक्टर म्हणाले, ताकद आणखी कमी झाली तर कापू, नाहीतर थांबू. थांबलो. चार महिन्यांनी अंगठा उचलायला लागला. वर्षानं मुद्दाम पदरचे पैसे घालून दुसरा एमआरआय काढला, तुकडा जवळजवळ नाहीसा. शरीराच्या पेशीच तो हळूहळू खाऊन टाकतात. दादा मात्र आजही चारचौघांत सांगतो, "मी बसवून आणली म्हणून याचं ऑपरेशन वाचलं."

झोपायचं किती? फार तर दोन-तीन दिवस. मी आईचं ऐकून तीन आठवडे पडून राहिलो आणि पाठीची होती नव्हती ती ताकद घालवली. गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. चालताना-वळताना दाब कमीजास्त होतो, त्यानं तिची पाण्याची देवाणघेवाण होते. रात्री झोपेत ती पाणी पिऊन फुगते, सकाळी माणूस सेंटीमीटरभर उंच असतो. म्हणून उठल्या उठल्या वाकून ओझं उचलू नका. मी नेमकं तेच केलं होतं.

आणि नुसत्या रिपोर्टला घाबरू नका. काही दुखत नसलेल्या चाळिशीतल्या लोकांचे एमआरआय काढले तरी निम्म्यांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात.

माझा अंगठा हाडवैद्यामुळे गेला की आधीच जायला लागला होता, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तसंच थांबणं सगळ्यांना लागू नाही. लघवी अडली, नकळत व्हायला लागली किंवा सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या टोकालाच संपतो, खाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका असतो. तो दबला तर तासांचा हिशेब असतो.

दादा हे वाचणारच. दादा, दोन्ही एमआरआय लोखंडी कपाटात तिसऱ्या कप्प्यात आहेत. कधीही ये बघायला. चष्मा घेऊन ये.