पानात टाकायचं नाही!

प्रश्न : गिरगावच्या चाळीत वाढले. भाताचं शीत पानात राहिलं तरी आजी उठू देत नसे. आणि पाहुण्यांसमोर आत्या ‘जाडे’ म्हणून हाक मारायची. आता ऑफिसातून आल्यावर फरसाण, पाव, हाती लागेल ते खाते आणि नळ सोडून ओकते. घरच्यांमुळेच का हे?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : काही अंशी. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या पिढीला शीत वाया घालवणं खपत नाही, ते मी समजू शकते. पण पोट भरलेलं असताना खायला लावणं आणि वर चारचौघांत अंगावरून बोलणं (आत्यांना ही भारी हौस!) यातून काहींचं खाणं बिघडतं. अनुवंश, स्वभाव, डाएटही त्यात असतात.

हे बुलिमियासारखं (भरमसाट खाऊन मग ओकून टाकण्याचा आजार) दिसतंय. वारंवार ओकल्याने पोटॅशियम घटतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तेव्हा आधी रक्त तपासा. ओकल्यावर लगेच ब्रश नको, आम्लाने मऊ पडलेले दात झिजतात. साध्या पाण्याने चूळ भरा. मग मनोविकारतज्ज्ञ गाठा. केईएम रुग्णालयाची ओपीडी आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. आणि दुपारचा डबा चुकवू नका. दिवसभर उपाशी राहिलात की रात्री फरसाणाचा डबा उघडणारच.